फक्कीची वाकडी रेघ

मोटारीचं दार उघडलं आणि गुंजन सायकलीसकट रस्त्यावर आडवी.

"मॅडम, लय लागलं काय?" सीट कव्हरच्या दुकानाचा तरुण मालक, संघदीप. दार त्यानंच उघडलं होतं.

"कोपर खरचटलं," ती धूळ झटकत म्हणाली. "म्हणूनच इथून सायकल ट्रॅक नेते आहे मी. तुमच्या दुकानापुढून."

"मंग गिऱ्हाईक गाडी कुठं लावन? माह्या डोक्यावर?"

"मागच्या गल्लीत. जागा पाहून ठेवली आहे."

तो हसला. ते हसू आवडलं, याचाच तिला राग आला.

गुंजन नगर परिषदेची नियोजनकार. लोहारा गावच्या कारखान्यांत जाणाऱ्या पोरी ट्रकांना घासून सायकली हाकतात, हे पाहून तिनं हट्टानं हा ट्रॅक आखला होता. आठवडाभर चाचणी, शनिवारी समिती येणार. रस्त्याची कड मोकळी दिसली तर ट्रॅक, नाहीतर पार्किंग.

रोज सकाळी ती चुन्याच्या फक्कीनं रेघ ओढायची. संध्याकाळपर्यंत गाड्यांची चाकं ती पुसून टाकायची. संघदीप मात्र चहा घेऊन हजर.

"कायले जीव जाळता? उद्या पुसल्याच जाईन थे."

"उद्या परत ओढीन."

"अन् ट्रॅक एवढा रुंद काहून?"

"दोघांना बोलत बोलत जाता यावं म्हणून..."

त्याच्या कपातला चहा सांडला थोडा.

शुक्रवारी दुकानदारांची बैठक झाली. उद्या सगळ्या गाड्या ट्रॅकवरच लावायच्या, अशी बातमी आली. बैठकीत संघदीपही होता. त्या संध्याकाळी तिनं चहाला हात लावला नाही. घरी मात्र रडू आलं.

शनिवारी ती फक्कीची पिशवी घेऊन तरातरा आली... तर रेघ ओढलेली. पार कोपऱ्यापर्यंत, आणि भलतीच वाकडी. कोपरापर्यंत पांढरा झालेला संघदीप एकेक गाडी गल्लीत वळवत होता. शेजारचे सदाशिवरावही कुरकुरत गाडी मागे घेत होते.

"बैठकीत तर तुम्ही होता ना?"

"होतो नं. रातभर भांडलो समद्यांशी."

"रेघ वाकडी आहे."

"तुमची वाट पाहत ओढली, मॅडम. नजर रस्त्याकडं... सरळ कशी येईन?"

गुंजनचे कान तापले. तेवढ्यात कारखान्याच्या पोरी घंट्या वाजवत रेघेच्या आतून निघून गेल्या. समितीची जीपसुद्धा त्यानं गल्लीत लावायला लावली. दुपारी ट्रॅक मंजूर झाला.

"आता तं सायकल घ्याच लागते मले," तो म्हणाला.

"घ्या लवकर," ती म्हणाली. "माझ्या एकटीसाठी नाही आखला तो."