हनुवटी जरा वर

"मोबाईल उलटे ठेवा," काका म्हणाले. "आणि त्या दिव्यावर फडकं टाका कुणीतरी. डोळ्यांत येतोय."

गच्चीवर सात-आठ पोरं होती, सगळी भाचे-पुतणे. काकांबरोबर आजच आलेली एक मुलगी तेवढी सगळ्यांना नवी. ती कठड्याला टेकून, हनुवटी तळहातावर ठेवून बसली होती.

"माझ्या मित्राचं झालेलं सांगतो. नाव विचारू नका. आम्ही त्याला रिळ्या म्हणायचो."

रिळ्याला जुन्या कॅमेऱ्यांचं वेड. एकाचं बटण अडकायचं. एकातून उजेड आत झिरपायचा आणि प्रत्येक फोटोवर केशरी पट्टा यायचा. याला तो पट्टाच आवडायचा. बायको म्हणायची, "बिघडलेलं काही दिसलं की तुमचा जीव जडतो. माझ्यात काय बिघाड दिसला होता?" तो हसायचा. पण या विषयावर बोलायला लागला की थांबायचा नाही. मोबाईलवर हजार फोटो काढता आणि एकाकडेही पुन्हा बघत नाही, म्हणायचा. रिळात बाराच मिळतात, म्हणून बटण दाबण्याआधी माणसाकडे नीट बघावं लागतं.

डिसेंबरातला शेवटचा शनिवार. अंधार नुकताच पडलेला. बायको दवाखान्यात ड्यूटीवर, म्हणून पाच वर्षांच्या लेकीला स्कूटरवर पुढे उभी करून रिळ्या एक कॅमेरा आणायला निघाला. एक म्हातारे स्टुडिओवाले वारले होते आणि त्यांची बायको सामान विकायला काढत होती. खाली स्टुडिओ, वर घर.

त्या काकूंनी शटर अर्धंच वर केलं. "वाकून या. हे गेल्यापासून गंजलंय."

कॅमेरा पेटीसारखा होता, समोर एकाखाली एक दोन भिंगं. हा डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. समोरचं चित्र तिथे दिसतं, पण आरशातल्यासारखं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. नवखा माणूस हमखास चुकीच्या बाजूला वळतो.

"यांची बोटं बघायला हवी होती तुम्ही," काकू म्हणाल्या. "फोटो धुवायच्या औषधानं तपकिरी पडलेली. आणि समोरच्याची हनुवटी सरळ केल्याशिवाय फोटो घ्यायचे नाहीत. साहेब असो की शेंबडं पोर, दोन बोटं खाली लावून म्हणायचे, जरा वर." मग कॅमेऱ्याची कातडी पिशवी आणायला त्या जिना चढून गेल्या.

रिळ्यानं लेकीला पडद्यापुढच्या स्टुलावर बसवलं.

"हसू का?"

"नको. नुसती बस."

त्यानं मान खाली घातली. काचेत लेक दिसली. तिच्या शेजारी एक चेहरा. म्हाताऱ्याचा.

त्यानं वर बघितलं. लेक एकटीच होती. पाय हलवत.

पुन्हा खाली. चेहरा होताच. काच जुनी आहे, डाग असेल... त्यानं अंगठ्यानं काच पुसली. चेहरा तसाच. मग त्यानं कॅमेरा जरासा फिरवला. काचेत लेक सरकली. स्टूल सरकलं. पडदा सरकला.

चेहरा सरकला नाही.

जे समोर असतं, ते सरकतं. हा समोर नव्हता. काचेवर वरून पडलेलं प्रतिबिंब होतं ते. रिळ्याच्या खांद्यावरून कुणीतरी वाकून बघत होतं.

 

मागे वळायची हिंमत होईना. इतक्या जवळ माणूस असेल तर मानेला श्वास लागतो. लागत नव्हता...

मग चेहरा गेला. काचेत फक्त लेक.

आणि डाव्या कडेनं एक हात आला.

तपकिरी बोटं.

लेकीकडे.

कॅमेरा टाकून रिळ्या झेपावला. डावीकडे. काचेत दिसलं तिकडे...

हाताला नुसती हवा लागली. चुकीची बाजू.

तो वळला. दुसऱ्या बाजूलाही कुणी दिसेना. फक्त लेकीची हनुवटी हळूहळू वर जात होती. डोळे बापावर खिळलेले.

"बाबा... हात गार आहे."

जिन्यावर काकू उभ्या होत्या. पिशवी छातीशी धरून. त्या लेकीकडे बघत नव्हत्या. तिच्या शेजारी बघत होत्या.

"अहो, पुरे आता," त्या म्हणाल्या. हळू. जेवायला हाक मारावी तशा.

हनुवटी खाली आली. रिळ्यानं लेकीला उचललं आणि शटरखालून बाहेर पळाला. कॅमेरा तिथेच राहिला. त्यानंतर त्यानं एकही फोटो काढलेला नाही. याला आता बारा वर्षं झाली.

"थापा," एक पुतण्या म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "पुरावा काय?"

 काका कठड्याकडे बघत होते. "दाखवायचं नसेल तर राहू दे, बाळ."

कुणीतरी दिव्यावरचं फडकं काढलं. मुलीनं हनुवटीखालचा हात बाजूला घेतला. तिथे दोन डाग होते. तपकिरी. मोठ्या माणसाच्या बोटांच्या टोकांएवढे.

मग तिनं तळहात उजेडात धरला.

त्यालाही रंग लागला होता. ओला.