बांधलेले हात

"मुक्याचे हात बांधल्यावर त्यानं जीव कायनं मांगावा?"

देवीदासनं हा प्रश्न भर चावडीत एका अख्ख्या गावाला विचारला होता.

सरका रे पोरांनो, शेकोटीजवळ या. देवीदासला मी पाहिलेलं आहे, आमच्या शेताच्या धुऱ्याला धुरा लागून त्याचं शेत होतं. म्हातारपणीसुद्धा कोणी थट्टेत त्याचं मनगट धरलं तर तो पांढराफटक पडायचा. कावून, ते मी विचारलं आणि त्यानं एकदाच सांगितलं. त्या गावाचं नाव मात्र घेत नाही. तिथं आपल्याकडच्या लेकी नांदताहेत.

तेव्हा सातासमुद्रापलीकडं कुठंतरी लढाई जुंपली होती आणि आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. तिवशाकडून अमरावतीला रात्रंदिवस गाड्या चालायच्या. त्या पौषात देवीदास आणि त्याचा थोरला भाऊ नत्थू आपली गाडी भरून निघाले.

नत्थू जन्माचा मुका-बहिरा. पण घरात सगळ्यात बडबड्या तोच. बोटं, भुवया, हनुवटी, सगळं बोलायचं. कानाची पाळी ओढली की माय. हनुवटी पुढं केली की तिकडं बघ. ओठ मुडपून मान एकदा हलवली की नको, मग आभाळ कोसळलं तरी नकोच. देवीदासला घरी देवा म्हणत, त्याची खूण न्यारी होती. तो पोरगा असताना फुटाण्यांची मूठ आणून भावाच्या छातीला टेकवायचा आणि मग उघडायचा. तेव्हापासून नत्थू आपली मूठ छातीला लावून समोर उघडायचा. म्हणजे, माझा देवा.

"हसून राहिले दोघं," माय तानुबाई म्हणायची, "माह्याच चुगल्या करत असान!"

अमावास्या होती. वाटेत चाकाची लोखंडी धाव निखळली. गाव मैलभर पुढं. एकानं जाऊन सुताराला आणायचं, दुसऱ्यानं कापूस राखायचा. बहिऱ्याला मागून आलेला चोर कळणार नाही, म्हणून देवीदासनं भावालाच धाडलं. घाईचा माणूस तो, पुढचा विचार केला नाही. हवेत गोल काढून दाखवला, हातोडीचे ठोके दाखवले.

"जाय भाऊ. असं केलं का कोणालेई समजते."

नत्थू हसला. आपलं घोंगडं धाकट्याच्या खांद्यावर टाकलं आणि चालू लागला.

पुढचं देवीदासला मागाहून किसनरावानं सांगितलं. तो त्या गावचा राखणदार. मशाल त्याच्याच हातात होती.

त्या गावात पंधरवड्यापासून बैल पटापट मरत होते. वाटेनं जाणारा कोणीतरी मूठ मारून जातो, असा बोभाटा झाला होता. करणी करणारा मंतरलेले उडीद मुठीत धरतो आणि ज्याचं वाटोळं करायचं त्याच्याकडं मूठ उघडतो, हे तुम्हाला माहीत आहेच. पाटलाचा भाऊ खुशालराव, त्याची बैलजोडी गेलेली. तो माणसं घेऊन रोज रात्री शिवेवर बसायचा.

"कोण हाय रे?"

उत्तर नाही. पावलं येतच राहिली.

"थांब म्हणून राहिलो ना!"

नत्थू उजेडात आला. हसत. अनोळखी माणसापुढं तो आधी हसायचा, समोरचा घाबरू नये म्हणून.

"दात कायले काढतं बे?"

नत्थूनं हवेत गोल काढला. हातोडी दाखवली. कोणाला काही उमगेना. तेव्हा त्यानं मूठ छातीला लावली आणि त्यांच्यासमोर उघडली.

"मूठ मारली! मारली त्यानं!"

पहिली लाठी कानशिलावर बसली. तो पडला, पण हात थांबले नाहीत. चाक, माय, माझा देवा, पुन्हा माझा देवा. जेवढं येत होतं तेवढं सगळं तो घाईघाईनं सांगत होता.

"हात धरा! हात धरा त्याचे!"

बोटं दगडावर ठेवली आणि ठेचली. मग हात पाठीमागं घेऊन बैलाच्या दाव्यानं करकचून बांधले. मारलेली मूठ मारणाऱ्यानंच माघारी घ्यावी लागते, असा समज. खुशालराव त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडत होता.

"घे माघारी! घेतं का नाई!"

एकेका ओरडण्याला एकेक लाठी. त्याला ऐकू येत नव्हतं. हात नव्हते. राहिला फक्त चेहरा.

"सारा चेहराच बोलत होता, देवा," किसनराव सांगत होता. "भिवया, डोये, हनुवटी... मले समजलं रे. जीव मांगून राहिला, हे समजलं मले."

"मंग?"

"मले पाहावलं नाई. मी... मशाल खाली केली."

अंधारात लाठ्या चालत राहिल्या.

शिवेवरच्या बाभळीखाली त्यांनी त्याला पुरला. पालथा. हात तसेच बांधलेले. कोणीतरी दावं सोडू लागलं तर खुशालरावानं त्याला लाथ घातली. "सोडले तं मेल्यावरबी मारन तो!"

देवीदास पहाटेपर्यंत भावाला शिव्या देत बसला होता, कुठं अडकला म्हणून. उजाडता गावात गेला. वाटेत भावाचा रक्तानं माखलेला फेटा सापडला. चावडीत खुशालरावानं तोंडावर सांगितलं, "करणीवाला होता. हात बांधून धरला, मारला. गाव वाचवलं आमी. तू कापूस घे न् चालता हो." तेव्हा त्यानं तो प्रश्न विचारला. माणसं जमिनीकडं बघत राहिली.

महिना होत आला तेव्हा किसनराव देवीदासच्या घरी आला, उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि हे सगळं सांगितलं. ऐकून देवीदास उठला. अमावास्याच होती. त्यानं भावाचं घोंगडं खांद्यावर टाकलं, कुऱ्हाड घेतली.

तानुबाईला मोठा लेक गेल्याचं सांगून झालं होतं, पण ती ऐकून घेत नव्हती. तिनं धाकट्याच्या उपरण्याला फुटाणे बांधले. "नत्थू भेटला तं त्यालेबी दे."

अंधार पडला तेव्हा तो त्या रस्त्याला लागला होता. मध्यरात्र झाली. वारा नव्हता.

पुढं कोणीतरी चाललं होतं.

चालताना माणसाचे हात हलतात. याचे हलत नव्हते. पाठीमागं होते. दोन्ही.

देवीदासनं हाक मारली नाही. त्या माणसाला हाक ऐकू जात नाही, हे त्याला माहीत होतं.

शिवेवर खुशालराव एकटाच होता. राखणीला आता कोणी येत नसे. जो जो आला, त्याला मशालीच्या पलीकडं कोणीतरी हसताना दिसलं होतं.

"कोण हाय?"

पावलं.

"कोण हाय रे...?"

चेहरा उजेडात आला. हसत होता. एक कानशील आत गेलेलं.

खुशालरावानं लाठी घातली. ती आरपार गेली. पुन्हा घातली. मग हातातून लाठी पडली... त्याचे खांदे मागं ओढले गेले. जवळ कोणी नव्हतं. एक हात मागं गेला. दुसरा गेला. काड्कन आवाज झाला.

"सोड! सोड ना बाप्पा!"

मग बोटं. एकेक करून.

तोंड उघडंच राहिलं. आवाज बंद झाला. भुवया वर चढल्या, हनुवटी थरथरू लागली. सारा चेहरा जीव मागत होता.

देवीदास कुऱ्हाड उगारून धावला. नत्थू वळला. आडवा उभा राहिला.

ओठ मुडपले. मान एकदा हलली.

"कावून नको? तुले मारलं त्यानं! कावून?"

हनुवटी पुढं आली. बाभळीकडं. खाली, मातीकडं.

देवीदासच्या हातातली कुऱ्हाड खाली आली. त्यानं त्या कुऱ्हाडीनंच उकरायला घेतलं, मग बोटांनी. आधी पाठ लागली. मग मनगटं. दावं ओलीनं फुगून मांसात रुतलं होतं, गाठ सुटेना. कुऱ्हाड लावली तर हात तुटला असता. त्यानं दातांनी तोडलं. धागा न् धागा. तोंडात काळी माती, आणि दुसरंही काय काय. शेवटचा पीळ तुटला तेव्हा दोन्ही हात आपोआप बाजूला पडले. त्यानं भावाला उताणा केला, चेहरा पुसला, हात मोकळे ठेवले आणि माती लोटली. वर घोंगडं अंथरलं.

खुशालराव मेला नाही. जगला. वाचा गेली आणि पाठीमागं गेलेले हात पुन्हा पुढं आले नाहीत. बायको घास भरवायची. चेहरा कितीही हलवला तरी कोणाला काही समजायचं नाही.

त्या रात्रीनंतर उजाडलं तेव्हा देवीदासनं खाली पाहिलं. त्याच्या बंडीवर, छातीच्या मधोमध, काळ्या मातीचा पंजा उमटला होता. त्याच्या हातापेक्षा मोठा. उघडा. पाची बोटं सरळ, एकही मोडलेलं नाही.

त्यानं उपरण्याची गाठ सोडली. फुटाणे मुठीत घेतले. मूठ छातीला लावली आणि भावाच्या मातीवर उघडली.