लाल गाडीतली परकी जोडी

"कबूल झाल्याशिवाय हे शटर वर जाणार नाही," बबनरावांनी बजावलं.

वणीबाहेरच्या त्यांच्या कापसाच्या जिनिंगमधली ही शेड. वर पत्रा भाजत होता. मधोमध वडिलांच्या काळची लाल, दोन सीटची विलायती स्पोर्ट्स कार, आणि तिच्या मागच्या चाकाशी राजूरचा मेकॅनिक अन्सार सकाळपासून कोंडलेला. त्याची बायको आयशाबी हिनं रडत फोन केला, म्हणून खाजगी तपास करणाऱ्या संगीता मेश्राम आल्या होत्या. सोबत सहायक हिरासिंग, निवृत्त जमादार. माणूस सरळ, विचारांचा चढ लागला की मात्र दम लागायचा.

"उशीर झाला, टिप्परामागं अडकलो," हिरासिंग कुरकुरले. "कोळशाच्या टिप्परांचा वेग ताशी साठ किलोमीटरवर बांधलेला. ना पळतात, ना जाऊ देतात."

बबनरावांनी त्यांच्याही मागे शटर ओढलं.

"क्लच बदलाले गाडी याच्याकडं धाडली," बबनराव म्हणाले. "गुडघ्यापायी मी वर्षभर तिच्यात बसलो नव्हतो. काल बसलो, तर इंजिन बोंबलते अन् गाडी पळत नाही! मागचा एक्सल खोलला. क्राऊन-पिनियन, म्हंजे चाकं फिरवणारी दात्यांची जोडी, जीपची निघाली! अस्सल यानंच विकली. संध्याकाळी पोलीस येऊन राह्यले."

"एक्सलले मी हातच लावला नाही, ताई," अन्सार घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मले क्लचचंच सांगतलं होतं. चोर ठरलो तर माह्या गॅरेजात कोण येईन?"

"चालवून पाहिली नाही?" संगीताबाईंनी विचारलं.

"गल्लीतल्या गल्लीत. कपिलभाऊ घाई करून राह्यले होते."

कपिल बबनरावांचा मुलगा. तो कोपऱ्यात मोबाईल चाळत उभा होता.

"राजूरला गाडी नेली कोणी?"

"मीच," ड्रायव्हर भारत म्हणाला. "कपिलभाऊ बाजूले होते. इज्जत गेली त्या दिवशी! इंजिन बोंबलून राह्यलं, मीटरचा काटा पंचाहत्तर किलोमीटरवर, अन् कोळशाचा टिप्पर भोंगा वाजवत पुढं निघून गेला. म्हटलं, अन्सारले मीटर दाखवू. कपिलभाऊ म्हणे, राहू दे."

हिरासिंग खो खो हसले.

"कपिल, जाताना गाडी कशी होती?"

"क्लच सोडून टकाटक. कोणाले पुढं जाऊ दिलं नाही."

संगीताबाई गाडीच्या बॉनेटला टेकल्या.

"साठवर बांधलेला टिप्पर पुढं गेला, म्हणजे ही गाडी साठच्या आत होती. काटा मात्र पंचाहत्तरवर."

"क्लच घसरत असंन," हिरासिंग म्हणाले.

"मग इंजिन बोंबललं असतं, पण काट्यानं खरा वेग दाखवला असता. नुसतं मीटर बिघडलं असतं तर इंजिन बोंबललं नसतं. या गाडीत मीटरची वायर गिअरबॉक्समधून, म्हणजे मागच्या जोडीच्या आधीच निघते. मागं जीपची जोडी बसवली की इंजिन तेवढंच फिरलं तरी चाकं हळू फिरतात आणि काट्याला ते कळत नाही. जीपची जोडी राजूरला पोचण्याआधीच आत होती."

"मग भारतनं?" बबनरावांनी विचारलं.

"चोर स्वतःहून टिप्परची गोष्ट सांगेल? मेकॅनिकला मीटर दाखवू दिलं नाही कपिलनं. गाडी नीट चालवून पाहू दिली नाही, तीही त्यानंच. आणि आत्ता खोटं बोलला, तेही तोच."

कपिलचा मोबाईल खाली गेला. "तुम्ही बसतच नव्हते तिच्यात, बाबा. वाटलं, कळणारच नाही."

बबनरावांनी शटर वर केलं. बाहेर जिनिंगची सगळी माणसं जमली होती, पुढे आयशाबी.

"जा, अन्सार."

अन्सार जागचा हलला नाही.

"चोर म्हणून कोंडलं ते सगळ्यायनं पाह्यलं, मालक. आता कायले सोडता, ते बी सांगा."

"अन्सार चोर नाही," बबनराव पुटपुटले.

"मागच्यायले ऐकू गेलं नाही."

बबनरावांनी मुलाकडे पाहिलं. त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या.

"अन्सार चोर नाही!" ते ओरडले. "चोर माह्या घरातला आहे!"

तेव्हा अन्सार उठला. बायकोजवळ पोचला आणि तिथं त्याला रडू फुटलं.