घरची लेक

आईचा आवाज वर्षाराणीला अजून जात्याच्या घरघरीसकट आठवायचा. राधानगरीकडचं ते घर, नाचणी दळणारी आई, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेल्या लेकीच्या कानात उतरणारी ओवी:

घर घेशील गं बाई, भुलू नको तू भिंतीला,
घरची लेक कुठं गेली, आधी ईचार पणतीला.

ओवी आईनं स्वतःच जुळवलेली. मामांनी तिला न विचारता माहेरचं घर विकलं, तेव्हाची. तेव्हापासून तिचा दंडकच होता: कुणाचं घर घ्यायचं तर आधी त्या घरच्या लेकीची ओटी भरायची. त्या लेकीनं हसत पदर पसरला तरच पुढचं बोलायचं.

आता आई नव्हती. तिनं लेकीसाठी राखलेलं भाताचं वावर विकून आलेले पैसे तेवढे होते, आणि त्यात बसणारं राजारामपुरीच्या मागच्या गल्लीतलं एक बैठं घर. ते पैसे गेले तर आईचं म्हणून काहीच उरणार नव्हतं. वर्षाराणी जवळच्याच दवाखान्यात रक्त तपासायची. काचेवर दिसेल तेवढंच खरं मानायचं, असा स्वभाव.

एजंट विजयसिंह गोड बोलायचा. "मालक बेंगलोरला असत्यात मॅडम. मुखत्यारपत्र माझ्याकडं हाय की."

"आणि मूळ कागद?"

"ईसार द्या, लगेच दावतो. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं हाय बघा."

सिटी सर्व्हेचा उतारा त्यानं मोबाईलवर दाखवला, तोही नावाच्या ओळीवर अंगठा ठेवून.

पहिल्या खेपेला त्यानं कुलपावरचं कोळ्याचं जाळं रुमालानं पुसलं, दार उघडलं आणि स्वतः उंबऱ्याबाहेरच थांबला. "बघा निवांत. मला धुळीचा तरास हाय."

आत धूळ नव्हतीच. बंद घराचा कुबट वासही नव्हता. तव्यावरून आत्ताच भाकरी उतरवल्यासारखा खरपूस वास होता. स्वयंपाकघरात ओट्यावर तांब्या भरलेला, बाहेरून पाण्याचे थेंब जमलेले, शेजारी बशीत गुळाचा खडा. वर्षाराणीनं नळ सोडून पाहिला. कोरडा.

"दादा, नळ बंद आणि तांब्या कुणी भरला?"

विजयसिंहानं फोन कानाला लावला. फोन वाजलेला तिनं ऐकला नव्हता. गिऱ्हाइकासाठी यानंच ठेवलं असेल, असं तिनं मनाशी म्हटलं आणि पाणी न पिताच बाहेर आली.

संध्याकाळी इचलकरंजीहून राजवीरचा, तिच्या नवऱ्याचा, फोन आला. यंत्रमागांच्या खडखडाटात तो ओरडत होता, "आगं, देऊन टाक ईसार! का त्या घराचीबी रक्ततपासणी करणार हायस?"

"उद्या देतो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पर्समध्ये ईसाराची आगाऊ रक्कम होती, आणि पिशवीत खण, नारळ, तांदूळ. आईचा शब्द मोडवत नव्हता.

"दादा, ह्या घरची लेक कुठं असती? ओटी भरायची हाय."

विजयसिंहाचं हसू तोंडातच राहिलं. "लेकबीक कोण न्हाय मॅडम. ओटी अंबाबाईला घाला की."

ती आत गेली. कुलूप आत्ताच, तिच्यादेखत उघडलं होतं. तरी स्वयंपाकघराच्या कोनाड्यात पणती तेवत होती.

तांब्या भरलेला. या वेळी तिनं गूळ तोंडात टाकला, पाणी प्यायली. राधानगरीच्या विहिरीची चव होती.

पलीकडच्या खोलीत काकणं किणकिणली. कुणीतरी हलक्या आवाजात गुणगुणत होतं. मध्येच खोकून पुन्हा सुरू झालं. आवाज आईचा नव्हता. म्हातारा, जरा बसका. पण शब्द स्पष्ट होते.

घर घेशील गं बाई...

वर्षाराणीनं डोकावून पाहिलं. खोली रिकामी. खिडकी बंद.

भ्यायला हवं होतं. पण झोपेत कुणी अंगावरची वाकळ नीट करावी, तसं वाटत होतं. ती पणतीकडं वळली.

"घरची लेक कुठं गेली?"

वारा नव्हता. ज्योत वाकली. दाराकडं, जिथं विजयसिंह उभा होता.

तशीच वाकून राहिली.

तिनं तांब्या आणि रिकामी बशी उचलली आणि उंबऱ्याशी आली. "घ्या दादा. उन्हातनं आलाय."

तो मागं सरला. "कुठनं आणलं ह्ये?"

"आत बाई हाय कोणतरी. गाती."

उंबऱ्याबाहेरूनच त्यानं आत कान दिला. मग हळूच विचारलं, "गाताना मधीच खोकली का?"

"व्हय."

विजयसिंहाची नजर बशीवर खिळली. वर्षाराणीनंही खाली पाहिलं.

बशीत गुळाचा खडा होता. त्यावर ओल्या बोटाचा ठसा.

तो पायरीवर बसला. खडा उचलून तोंडात घातला, तांब्या दोन्ही हातांनी धरला, लहान पोर पितं तसं पाणी प्याला. पर्स वर्षाराणीच्या काखेत तशीच होती, चेन लावलेली.

"पूर्णिमा," तो म्हणाला. "माझी थोरली भैण. गडहिंग्लजला असती. आईनं जाताना घर तिच्या नावावर केलं. तिला ह्यातलं कायबी म्हाईत न्हाय, ताई."

मॅडम सोडून तो पहिल्यांदाच ताई म्हणाला होता.

आत काकणं वाजली. उंबऱ्याच्या अगदी जवळ.

विजयसिंहानं वळून पाहिलं नाही. "मी कैकदा गिऱ्हाईक घिऊन आलो. समद्यांस्नी आई गूळपाणी ठेवायची," तो म्हणाला. "मला मात्र आज पयल्यांदा दिलं तिनं."