प्रमाणप्रेक्षक खरोटे यांचं एका शब्दाचं मत

दिनमणी खरोट्यांना एसीतही घाम फुटला होता. डोक्यावर तारांची टोपी, समोर पडदा आणि शेजारी दिग्दर्शिका यशोधरा कांबळी. तिचा सिनेमा खरोट्यांनी एका शब्दात झोपवला होता.

'रटाळ.'

एसटीतून रिटायर झाल्यावर खरोटे वेळ जावा म्हणून सिनेमे बघायचे आणि सोसायटीच्या ग्रुपवर दोन-तीन शब्दांत मत टाकायचे. लोकांना लांबलचक वाचायचा कंटाळा. त्यामुळे ती मतं राज्यभर फिरली आणि सरकारनं त्यांना 'प्रमाणप्रेक्षक' ठरवून टाकलं. आता थेटरवाले त्यांचं मत आल्यावरच पुढचे खेळ लावायचे. यशोधराचा 'साडेतीन पायांचं टेबल' शुक्रवारी लागला आणि शनिवारी उतरला. तिनं तक्रार केली. चित्रपट मंडळ म्हणालं, मत बिनबुडाचं निघालं तर सिनेमा पुन्हा लावू.

"हा मतमूळदर्शक," डॉक्टर इंदुलेखा म्हसकर म्हणाल्या. "मत बनतं तेव्हा मेंदूत जे कारण जागं असतं, त्याची मताशी गाठ बसते. आपल्याला ती कळत नाही. ही टोपी गाठ सोडवते आणि कारण दाखवते."

"दुखतं का हो?" खरोट्यांनी विचारलं.

"डोक्याला नाही."

आधी जुनी मतं घेतली. 'छायाचित्रण अप्रतिम.' पडद्यावर उमटलं: मूळ – नवा चष्मा.

'संवादांत दम नाही.' मूळ – लिफ्ट बंद, चार जिने, स्वतःला लागलेली धाप.

"अरे देवा," खरोटे पुटपुटले.

'नायिका उर्मट वाटते.' मूळ – थोरल्या वहिनींसारखं नाक.

'कौटुंबिक. जरूर पाहा.' मूळ – शांत झोप, एक तास पन्नास मिनिटं.

यशोधरा टाळ्या पिटत हसली. "काका, ह्या सिनेमाला तर तुमच्यामुळे पुरस्कार मिळाला!"

खरोट्यांनी मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "ताई, चुकलंच माझं. लोक विचारायचे हो, 'खरोटे, कसा आहे?' घरात मला भाजीत मीठ कसं आहे तेही कुणी विचारत नाही. तुमचं तपासायची गरज नाही. बिनबुडाचंच असणार. लिहून देतो."

"ते चालेल," डॉक्टर म्हणाल्या. "कबुली पुरते. पुढच्या शुक्रवारी लागेल सिनेमा."

"छे!" यशोधरा उसळली. "वर्षभर तोंड लपवून फिरले मी. काय निघतंय ते सगळ्यांना दिसू दे. बूट चावत होते की पोट बिघडलं होतं? लावा!"

डॉक्टरांनी बटण दाबलं. यंत्र बराच वेळ घुरघुरलं. 'रटाळ.' मूळ – चित्रपट.

"म्हणजे?" यशोधरानं विचारलं.

"म्हणजे..." डॉक्टर चष्मा पुसायला लागल्या. "त्यांनी तो पूर्ण बघितला. जागे राहून. त्यांच्या आयुष्यातलं हे एकमेव साधार मत आहे. मला तसंच कळवावं लागेल."

यशोधराचा चेहरा उतरला. खरोट्यांना तिच्याकडे बघवेना. मत खरं निघालं याचीच त्यांना जास्त लाज वाटत होती.

"ताई, मनावर घेऊ नका," ते घाईघाईनं म्हणाले. "शेवट मात्र मला मनापासून आवडला!"

टोपी काढायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मूळ – एकदाचा संपला.