दुसऱ्या बाजूची खाच

फाब्रिसियो एचार्तचा एक नियम होता, आणि तो न पाळणाऱ्याला तो आपल्या टेबलाजवळ फिरकू देत नसे. जुनी फ्लॉपी हातात आली की आधी तिच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावायची, बाकीचं सगळं मागाहून. खाच झाकली की ड्राइव्ह नुसता वाचतो, लिहीत नाही. लोकांनी जपून ठेवलेल्या चीजवस्तूवर आपल्या हातून बोळा फिरायला नको. मग जुना ड्राइव्ह केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि अख्ख्या फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत एका फाइलमध्ये उतरवून घ्यायची. इंजेनिएरो व्हाइट बंदरातल्या त्याच्या पत्र्याच्या घरात दुपारभर हे काम चाले. बाहेर कोठारांवरून धान्याचा भुसा उडायचा, म्हणून खिडकी कायम बंद.

त्या सोमवारी टेबलावर होती ती मात्र घरचीच फ्लॉपी. आईच्या कपाटात सापडलेली. वर धाकट्या भावाचं, लिसांद्रोचं, डावखुरं अक्षर: ‘आईसाठी. दुसरी बाजू.’

लिसांद्रो एकोणिसाव्या वर्षी कोळंबीच्या बोटीवर गेला आणि ती बोट परत आली नाही. जाण्याआधी तो घरच्या संगणकावर आईसाठी एक वॉल्ट्झ, तीन ठेक्यांची नाचाची धून, रचत होता. आल्यावर ऐकवतो, म्हणाला होता. आता आईने, दोन्या एर्मेलिंदाने, ऐंशी कधीच ओलांडली होती. हृदय थकलं होतं आणि डॉक्टरांनी फाब्रिसियोला बाहेर बोलावून वसंत ऋतूची वाट बघू नका असं सांगितलं होतं. म्हातारीचं मागणं एकच होतं. ती वॉल्ट्झ एकदा कानावर पडू दे.

त्या काळी फ्लॉपीला खाच एकाच बाजूला असे. पण नवी फ्लॉपी परवडायची कुणाला? बंदरातली पोरं समोरच्या कडेला स्वतःच दुसरी खाच कापत, फ्लॉपी पालथी घालत आणि मागची बाजूही वापरत. लिसांद्रो त्यासाठी आईची शिवणाची कात्री पळवायचा. त्याची खाच नेहमी तिरकी, कारण उजव्या हाताची कात्री डाव्या हातात.

फ्लॉपी पालथी घालून फाब्रिसियोने प्रत उतरवली आणि लॅपटॉप घेऊन आईकडे गेला. जुन्या संगणकाचं सोंग घेणारा प्रोग्राम सुरू केला. सूर आले, पत्र्यावर नखं वाजवल्यासारखे, पण गोड. आणि मध्येच तुटले.

आईचे डोळे भरून आले होते. “त्याचाच हात,” ती म्हणाली. “देव तुझं भलं करो, फाब्री.” मग थोड्या वेळाने, शेजारच्या खोलीतल्या माणसाबद्दल बोलावं तसं म्हणाली, “अजून व्हायचंय. करील तो पूर्ण.”

फाब्रिसियोला वाटलं, वयाचा परिणाम.

तरी जिवाला चुटपुट लागलीच. ड्राइव्हनेच काही गाळलं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने स्पिरिटचा बोळा फिरवून ड्राइव्ह साफ केला आणि पुन्हा प्रत काढली. या वेळी वॉल्ट्झ आणखी पुढे गेली. वा, घाण अडकली होती तर, असं म्हणून तो खूश झाला. मग दोन्ही प्रती शेजारी उघडून बघितल्या. काल जिथे फ्लॉपी कोरी होती, तिथे आज सूर होते. वाचताना गाळलेली जागा अशी कोरी दिसत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

पुढच्या दिवशी वॉल्ट्झ अजून लांबली होती. आईने नवा भाग मान डोलवत ऐकला. तिला त्याचं काहीच नवल वाटलं नाही.

शेवटी फ्लॉपी घेऊन तो बेल्त्रानकडे गेला. बेल्त्रान म्हणजे बंदरावरचा जुना जोडीदार, ड्राइव्ह दुरुस्त करणारा आणि कुणाचीही फिरकी घेणारा. त्याने फ्लॉपी उलटसुलट केली आणि पोट धरून हसला. पट्टी पहिल्या बाजूच्या खाचेवर होती आणि फाब्रिसियो वाचत होता दुसरी बाजू. हाताच्या सवयीने लावलेली पट्टी! दुसरी बाजू इतके दिवस उघडी पडली होती.

“शहाण्या, जगाला नियम शिकवतोस ना?” बेल्त्रान म्हणाला. “ड्राइव्ह बिघडलाय. तोच वर गिरगटतोय काहीतरी.”

फाब्रिसियोला हायसं वाटलं. स्वतःचा गाढवपणा कधी इतका आवडला नव्हता त्याला. बिघडलेला ड्राइव्ह वॉल्ट्झ कशी लिहील, हे त्याने स्वतःला विचारलंच नाही.

बेल्त्रानने समोरच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. त्याचं हसू विरलं.

“इथे खाचच नाही रे.”

फाब्रिसियोने बघितलं. कड अखंड होती. तिला कात्री कधी लागलीच नव्हती. खाचेशिवाय या बाजूवर कुठल्याही ड्राइव्हला एक अक्षर लिहिता आलं नसतं, आज नाही आणि लिसांद्रो होता तेव्हाही नाही.

“मग यावर लिहिलं कुणी?” बेल्त्रानने विचारलं. उत्तराची वाट न बघता त्याने फ्लॉपी परत दिली. येर्बाच्या पानांचा कडू काढा अर्धा राहिला होता, पण बस म्हणाला नाही.

आईला सांगावं की नाही, असं करत करत फाब्रिसियोने सांगितलं. ती हसली.

“कापणार कशी? कात्री मी लपवली होती. प्लास्टिक कापून कापून धार घालवायचा माझ्या कात्रीची.”

तिने उशाशी ठेवलेला पत्र्याचा डबा पुढे ओढला. कात्री काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि काळ्या दोऱ्याने बांधली. जन्मभर शिवणकाम केलेल्या बाईची गाठ ती, बारीक आणि घट्ट.

“त्याला दे,” ती म्हणाली. “म्हणावं, आई रागावणार नाही.”

वाद घालण्याची ती वेळ नव्हती. फाब्रिसियोने पुडी आणून ड्राइव्हशेजारी ठेवली. स्वतःचीच लाज वाटली. तरी दिवा मालवता मालवता तो त्या बंद खोलीत मोठ्याने म्हणाला, “उपकार झाले रे, लिसांद्रो. तिच्यासाठी एवढं केलंस.” आणि ते अगदी मनापासून निघालं.

सकाळी वॉल्ट्झ पूर्ण होती.

प्रत घेऊन, पुडी खिशात टाकून तो जवळजवळ धावतच आईकडे गेला. तिने शेवटच्या सुरापर्यंत ऐकली. पांघरुणाखाली तिचा पाय ठेका धरत होता. संपल्यावर तिने त्याचा हात गालाशी धरला.

“भरून पावले,” ती म्हणाली. “तुम्हा दोघांचे उपकार.”

फाब्रिसियो रडला. लपवलं नाही.

“आता कात्री दे. तो कधी जागेवर ठेवायचा नाही.”

त्याने खिशातून पुडी काढली. ती होती तशीच होती. त्याने सोडली नव्हती, सोडायची हिंमतच झाली नव्हती. आईची गाठ आईनेच नखांनी उकलली, कागद बाजूला केला आणि सवयीने कात्रीच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

दोन पात्यांच्या मध्ये काहीतरी अडकलं होतं. तिने ते अलगद काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. काळ्या प्लास्टिकचा इवलासा तुकडा होता, तिरका कापलेला.

“बघ,” ती समाधानाने म्हणाली, “पुन्हा धार घालवली.”