लोकरीचा तोंडावळा

प्रभावतीबाईंचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, आणि ज्यांचा होता त्यांच्याशी त्यांचं फार वेळ पटतही नसे. एकतीस वर्षं त्यांनी जालन्यात गणित शिकवलं. वर्गात कुणी उत्तर सांगितलं की बाईंचा पुढचा प्रश्न ठरलेला, "कशावरून?" पोरं पाठीमागं त्यांना कशावरूनबाईच म्हणायची. हे त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

निवृत्तीनंतर सातव्या वर्षी त्यांची जुनी विद्यार्थिनी रुची एक दिवस दारात येऊन उभी राहिली. हातात ही मोठी पिशवी. रुचीच्या सासरचं जालन्यातच मस्तगडला कापडाचं दुकान. माहेर-सासर दोन्ही मूळचं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या इथं गेलेल्या, त्यामुळं रुची बोलायची ते अस्सल जालन्याचं. तिनं पिशवी पलंगावर उलटी केली. क्रोशानं विणलेल्या वीसेक बाहुल्या बाहेर पडल्या. हात होते, पाय होते, साड्या-धोतरं होती. तोंडं तेवढी कोरी.

"मॅडम, विणायचं मी बराबर करते. पन तोंड काढायला गेलं की सगळ्या घाबरल्यावानी दिसून राह्यल्या," रुची म्हणाली. "प्लास्टिकचे डोळे लावले तर लेकरं तोडून तोंडात घालतात. भरतकामाचेच पाहिजेत. तुम्ही द्या ना करून."

"मला जमेल, कशावरून?"

"तुम्ही फळ्यावर कंपासबिगर गोल काढायच्या. त्याच्यावरून."

बाई हसल्या आणि फसल्या.

काम म्हणाल तर सोपं. मानेमागून सुई घालायची, डोळ्याच्या जागी बाहेर काढायची, गाठीचा टाका घ्यायचा. ओठाला साखळीचा टाका. उरलेलं टोक आत कापसात ओढून गडप करायचं. पण बाईंच्या लवकरच ध्यानात आलं की डोळे एक ओळ खाली घेतले तर बाहुली तान्ही दिसते, एक ओळ वर घेतले तर पोक्त, आणि जरा जवळ आणले की लागलीच भांडकुदळ. एका टाक्यानं अख्खं माणूस बदलतं, याचं त्यांना भारी नवल वाटलं. मग त्या आधी टाचण्या टोचून ठेवायच्या, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघायच्या, आणि मगच सुई उचलायच्या. चेहरा झाला की वर हौसेचं काम. कुणाला मण्याचं कुंकू, कुणाला तांब्याच्या तारेचा चष्मा, कुणाला हनुवटीवर हिरवं गोंदण.

घरात दुसरं माणूस एकच, त्यांची थोरली बहीण चांगुणाबाई. बाई तिला अक्का म्हणत. आई गेली तेव्हा प्रभा दीड वर्षाची होती आणि अक्का सोळाची. केदारखेड्याच्या घरात अक्कानंच तिला वाढवलं, शाळेत घातलं, आणि तिच्यापायी स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. आता अक्का ऐंशीला टेकली होती आणि तिच्या डोक्यातून माणसं एकेक करून पुसली गेली होती. गेली दोन वर्षं ती प्रभेलाही ओळखत नव्हती. "वो बाई, तुम्ही कुनाच्या?" असं रोज सकाळी विचारायची, अगदी अदबीनं. बाई सांगायच्या, "अक्का, मी प्रभा." अक्का मान हलवायची, परक्याला वाईट वाटू नये म्हणून हलवतात तशी.

बाईंचा जीव तुटायचा. दोघींपैकी कुणीही जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, अक्कानं आपल्याला ओळखून नावानं हाक मारावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

फेब्रुवारीत पहिल्यांदा ते झालं. एका बाहुलीचा ओठ भरताना दोरा गुंतला आणि डावा कोपरा वर ओढला गेला. बाईंनी उसवायला कात्री घेतली, तेवढ्यात शेजारी बसलेल्या अक्कानं बाहुली ओढून घेतली.

"वेणू सुतारीन हाय ही," ती म्हणाली. "गाईनं शिंग मारल्तं. तवापासून तोंड असं."

बाईंनी कात्री खाली ठेवली. अक्कानं कुणाचं तरी नाव घेतल्याला वर्ष उलटलं होतं. वेणू सुतारीण मात्र त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी केदारखेड्याला अंगदकाकांना फोन लावला. काका अठ्ठ्याऐंशीचे, अक्काच्या लहानपणापासूनचे शेजारी, आणि गावात कोण कधी जन्मलं नि कधी गेलं ते सगळं त्यांच्या तोंडपाठ.

"वेणू? व्हती की," काका म्हणाले. "शिंगाचं बी खरं हाय. पन तू जन्मायच्या आधीच गेल्ती ती. तुला कुनी सांगितलं गं?"

आठवड्यानं दुसरी बाहुली. एका टोपीवाल्या म्हाताऱ्याचा डावा डोळा चुकून बारीक झाला होता. "हरिओम पोस्टमन," अक्का हसून म्हणाली. "डोळा बारका करून पत्ता वाचायचा. चिठ्ठी हाय का वो आमची?" काकांनी फोनवर त्यालाही दुजोरा दिला. हरिओम जाऊनही चाळीस वर्षं झाली होती.

आता बाई काय गप्प बसणाऱ्या! त्यांनी वही केली. रोज चार वाजता, चहानंतर, एक नवी बाहुली अक्काच्या मांडीवर ठेवायची आणि ती काय म्हणते ते लिहायचं. बहुतेकींना अक्का "बाहुली हाय" म्हणून परत करायची. मार्च संपेपर्यंत तिनं सहा जणांना ओळखलं. सहाही केदारखेड्याचे, आणि सहाही केव्हाच गेलेले. म्हाताऱ्या माणसांना जुनं तेवढं आठवतं, असं डॉक्टर म्हणालेच होते. बाईंना ते पटत होतं. आपल्या हातून नेमके तेच चेहरे कसे उतरतात, हे मात्र पटत नव्हतं.

मग त्यांनी जिवंत माणसं भरून पाहिली. आधी रुची. रुंद कपाळ, नाकात चमकी, गालावर खळीचा टाका. रुची ती बघून ओरडलीच, "अय्या, ही तर बिलकुल मीच!" अक्काला दाखवली, तर "बाहुली हाय."

मग अंगदकाका. त्यांना अक्का विसरणं शक्यच नव्हतं, दोघं एका अंगणात वाढलेले. बाईंनी तीन दिवस खपून झुपकेदार मिशी भरली, कानात पितळी कडी घातली, लाल फेटा बांधला. हुबेहूब काका.

"बाहुली हाय," अक्का म्हणाली.

"नीट बघ की अक्का. अंगद."

"वो बाई, बाहुलीला कशाला नाव?"

बारा दिवसांनी, एप्रिलच्या एका सकाळी, बाई रुचीकडं पाठवायच्या बाहुल्या खोक्यात भरत होत्या. अक्का जवळ आली आणि खोक्यातून तीच फेटेवाली बाहुली तिनं वर काढली. एक टाकाही बदललेला नव्हता.

"अरं, अंगद!" ती म्हणाली. "कवा आला? बस की."

बाईंना कोण आनंद झाला! अखेर जिवंत माणूस ओळखलं होतं. त्यांनी हातातलं टाकून फोन लावला. काकांना सांगायचं होतं, अक्कानं तुम्हाला बस म्हटलंय.

फोन काकांच्या सुनेनं उचलला. मागं बायांचा आवाज होता.

"ताई, तुमाला कसं काय कळलं?" ती रडत म्हणाली. "मामंजी आत्ताच गेले. अर्धा घंटा बी झाला न्हाई."

त्या दिवशी बाईंनी वही ट्रंकेत टाकली आणि उरलेल्या बाहुल्या रिक्षानं रुचीच्या दुकानात पोचवल्या. तिला सगळं सांगितलं. रुचीनं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "मॅडम, माझी ती बाहुली मला देऊन टाका. आत्ताच्या आत्ता." बाईंनी दिली. ती तिनं अक्काच्या नजरेला पुन्हा कधी पडू दिली नाही.

आठवडा बरा गेला. पण घरी रोज सकाळी तोच प्रश्न होता, "वो बाई, तुम्ही कुनाच्या?" आणि आता बाईंना तो सोसेना. अक्काला अंगद आठवतो, गावचा पोस्टमन आठवतो, आणि जिला कडेवर घेऊन वाढवलं ती मी तेवढी परकी? हे त्यांच्या काळजाला घरं पाडत होतं.

एका दुपारी त्यांनी आरसा भिंतीला टेकवून ठेवला आणि रुचीनं विसरलेली एक कोरी बाहुली हातात घेतली. मनाशी सरळ हिशोब मांडला. नियम असा, की अक्का गेलेल्या माणसांनाच ओळखते. अक्का म्हणाली बाहुली, तर नियम खरा, आणि आपण खुशाल आहोत. अक्का म्हणाली प्रभा, तर नियम खोटा, आणि अक्का परत मिळाली. दोन्हीकडून आपलाच फायदा. एकतीस वर्षं पोरांना सगळ्या शक्यता मांडायला लावणाऱ्या बाई तिसरी मांडायची मात्र विसरल्या. की विसरल्या नव्हत्या, कोण जाणे.

चेहरा उतरायला चार दिवस लागले. नाकाजवळचा तीळ, तारेचा चष्मा, भांगाजवळची पांढरी बट. पुरा झाला तेव्हा त्यांना क्षणभर आरसा कुठला आणि बाहुली कुठली ते कळेना.

पहिल्या दिवशी अक्का म्हणाली, "बाहुली हाय."

दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. बाईंना रडू यायचं, आणि त्याच वेळी जीव भांड्यात पडायचा. रोज चार वाजले की त्या पुन्हा बाहुली घेऊन बसायच्या.

नवव्या दिवशी रुची आलेली होती. बाहेर ऊन बेचाळीसवर गेलेलं, वीज नव्हती, कूलर बंद. खोलीत तिघी घामानं निथळत होत्या. म्हणजे रुची आणि अक्का निथळत होत्या. बाईंनी अंगावरून शाल घेतली होती.

"तुम्हाला बरं नाही का मॅडम?" रुचीनं विचारलं.

"सकाळपासून जरा हुडहुडी आहे. काही नाही गं," बाई म्हणाल्या आणि बाहुली अक्काच्या मांडीवर ठेवली.

"नका ना दाखवू," रुची म्हणाली. "मंग कधी तरी दाखवा."

अक्का बाहुलीकडं बघत राहिली. तीळ बोटानं चाचपला. चष्मा हळूच वर सरकवला.

मग पांढरी बट बोटानं सारखी केली.

"प्रभे," ती म्हणाली. "माझी प्रभा!"

दोन वर्षं! बाईंच्या तोंडून हुंदका फुटला. त्या अक्काच्या गुडघ्यांशी खाली बसल्या, हसत होत्या, रडत होत्या. "अक्का, ओळखलंस! अगं मी इथं आहे, इकडं बघ!"

अक्कानं वर पाहिलं नाही.

"वो बाई, हळू बोला जरा," ती म्हणाली. "आमची प्रभा आलीय."

तिनं बाहुली छातीशी धरली. लोकरीचे इवलेसे हात आपल्या हातांत घेतले.

"किती गार पडलीस गं पोरी. कवा निघालीस? मला कुनी सांगितलंबी न्हाई."

रुचीनं बाईंना उठवायला त्यांचा हात धरला. धरला आणि ती तिथंच थांबली. त्या हाताकडं तिनं एकदा पाहिलं. मग तिनं तो आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला आणि जोरजोरानं चोळायला सुरुवात केली.